केएमटीपी, सॅन फ्रान्सिस्को

केएमटीपी : अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को व भोवतालच्या ‘बे एरिया’साठी १९९१ मध्ये सुरू झालेले ना-नफा, स्वतंत्र सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्र. वाहिनी क्रमांक ३२. परवाना ‘मायनॉरिटी टेलिव्हिजन प्रोजेक्ट’ या संस्थेच्या नावे. अमेरिकेतील बहुतेक सार्वजनिक केंद्रे ‘पब्लिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ (पीबीएस) या जाळ्याची सभासद असतात व तिचे कार्यक्रम दाखवतात. केएमटीपी या जाळ्याबाहेरचे. आशियाई भाषांतील कार्यक्रम, जर्मनीच्या ‘डॉइच वेले’सारख्या परदेशी संस्थांच्या बातम्या आणि मोठ्या केंद्रांच्या वेळापत्रकात ज्यांना जागा मिळत नाही अशा समाजगटांचे कार्यक्रम ही त्याची ओळख.

ही वाहिनी त्याच्याकडे आली ती एका मोठ्या संस्थेच्या हलगर्जीपणामुळे. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रमुख सार्वजनिक केंद्र केक्यूईडी (वाहिनी ९) हे १९५४ पासूनचे, नावाजलेले. वाहिनी ३२ त्याला १९७० मध्ये ‘मेट्रोमीडिया’ या व्यापारी कंपनीकडून देणगी म्हणून मिळाली. केक्यूईसी या नावाने तिच्यावर दुसरे केंद्र निघाले खरे, पण १९७२ ते १९७७ या काळात ते बहुतांशी बंदच होते आणि १९७९-८० मध्ये पुन्हा काही महिने बंद पडले. सार्वजनिक प्रसारणलहरींवरचा हक्क राखून ठेवायचा आणि पडदा मात्र काळा, ही गोष्ट स्थानिक नागरिकांच्या एका गटाला खटकली व त्याने परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घेतली. परवाने देणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने (एफसीसी) १९८८ मध्ये नूतनीकरण नाकारले. केंद्र बंद ठेवण्याच्या कारणांबाबत केक्यूईडीने आयोगाला खरी माहिती दिली नाही, हा ठपका त्यात निर्णायक ठरला. प्रतिष्ठित सार्वजनिक संस्थेच्या हातून वाहिनी जाणे अमेरिकेत क्वचितच घडते. रिकाम्या झालेल्या या जागेवर केएमटीपी उभे राहिले.

वाहिनी मिळाली, पण पैशाचा प्रश्न उरला आणि पुढे तोच केंद्राच्या इतिहासाचा मुख्य भाग बनला. मोठ्या सार्वजनिक केंद्राला सुस्थितीतला, इंग्रजी बोलणारा वर्गणीदार मिळतो. पडद्यावरून आवाहन करून ते देणग्या गोळा करू शकते. नुकत्याच स्थलांतरित झालेल्या, भाषाभाषांत विखुरलेल्या प्रेक्षकांकडून तशी वर्गणी जमणे अवघड. उरतात प्रायोजक. पण १९८१ च्या संघीय कायद्याने (कलम ३९९ ब) सार्वजनिक केंद्रांना मोबदला घेऊन तीन प्रकारच्या जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे : नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांच्या माल व सेवांच्या, सार्वजनिक प्रश्नांवर मत मांडणाऱ्या आणि निवडणुकीतील उमेदवारांच्या. प्रायोजकाचे नाव, बोधचिन्ह, पत्ता सांगता येतो, मालाचे निव्वळ वर्णनही चालते. किंमत सांगणे, ‘सर्वांत उत्तम’ म्हणणे किंवा ‘आजच घ्या’ असा आग्रह करणे चालत नाही. आभार कुठे संपतात आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे ठरवताना आयोगाला एकेका वाक्याचा कीस काढावा लागतो.

केएमटीपीविरुद्ध तक्रार केली ती ‘लिंकन ब्रॉडकास्टिंग’ने. ही कंपनी त्याच शहरात केटीएसएफ ही बहुभाषी व्यापारी वाहिनी चालवत होती. प्रेक्षक तेच आणि प्रायोजकही बरेचसे तेच असावेत; तक्रारीमागे कायद्याच्या चाडीइतकाच धंद्याचा हिशेब असेल असे मानण्यास जागा आहे. १९९९ ते २००२ दरम्यान ‘स्टेट फार्म’ विमा कंपनी, ‘शेव्हरले’ मोटारी यांसारख्यांचे सशुल्क प्रचारसंदेश केंद्राने १,९०० हून अधिक वेळा दाखवले, असा निष्कर्ष काढून आयोगाने १०,००० डॉलरचा दंड केला.

केंद्राने २००६ मध्ये न्यायालयात धाव घेतली व कलम ३९९ ब हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करते, असा दावा मांडला. धर्मादाय संस्थेची पैसे घेऊन केलेली जाहिरात चालते, मग मोटारकंपनीची का नाही, हा त्यातला बोचरा मुद्दा. कनिष्ठ न्यायालयात केंद्र हरले. २०१२ मध्ये नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयातील तिघांच्या खंडपीठाने मालाच्या जाहिरातींवरील बंदी राखली, पण राजकीय व सार्वजनिक प्रश्नांवरील जाहिरातींची बंदी बहुमताने रद्द केली. डिसेंबर २०१३ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या विस्तारित पीठाने तो निर्णय फिरवून संपूर्ण बंदी कायम ठेवली. न्या. मार्गारेट मॅककिओन यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाचा आशय असा : जाहिरातदाराला मोठा प्रेक्षक हवा असतो, उत्पन्न त्याच्यावर विसंबले की मुलांसाठीचे आणि लहान समाजगटांसाठीचे कार्यक्रम हळूहळू मागे पडतात, म्हणून बंदी वाजवी आहे. मुख्य न्यायाधीश ॲलेक्स कोझिन्स्की यांनी विरोधी मत नोंदवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

तर्क म्हणून निकाल भक्कम आहे. तरी लहान समाजगटांच्या नावाने राखलेली बंदी ज्या केंद्रावर चालली, ते त्याच गटांसाठी काढलेले होते, ही विसंगती निकालाने सुटत नाही. भारतातही प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले (मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे). त्यानंतर समुदाय रेडिओ आला आणि २००६ च्या धोरणात त्याला तासाला पाच मिनिटे जाहिरातींची मुभाही मिळाली. समुदायाच्या दूरचित्रवाणी केंद्रांना मात्र तशी वाट मिळाली नाही.

२०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा दोन वर्षांचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी रद्द केला आणि तो वाटणाऱ्या ‘कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग’ने कामकाज गुंडाळण्याची घोषणा केली. कलम ३९९ ब ला त्या वेळी हात लावण्यात आला नाही.