आरसा ते आज्ञाधारक भिंत

परावर्तनाचा नियम शिकवताना आपण फळ्यावर आरसा काढतो आणि सांगतो की, आपाती कोन व परावर्तन कोन समान असतात. पण हे कोन समान का असतात, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. बिनतारी संदेशवहनाच्या क्षेत्रात सध्या ज्या 'आज्ञाधारक भिंती'ची चर्चा आहे, तिचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचाच इतिहास होय.

१८८८ साली हाइनरिश हर्ट्झ यांनी जर्मनीतील कार्ल्सरूह येथे व्याख्यानगृहाच्या भिंतीवर ४ मीटर उंच व २ मीटर रुंद जस्ताचा पत्रा लावला. विद्युतचुंबकीय लहरी प्रकाशाप्रमाणेच परावर्तित होतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १८९८ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या या लहरींच्या वाटेत ठेवल्या, तेव्हा लहरींच्या ध्रुवीकरणाची दिशा फिरली. पदार्थ कोणता याइतकीच त्याची रचनाही महत्त्वाची असते, हे त्यातून दिसले.

कवायतीत रांग वळताना एका टोकाचा विद्यार्थी जवळजवळ जागीच पावले टाकतो, तर दुसऱ्या टोकाचा लांब ढांगा टाकतो. कोण किती मागे राहिला यावरून रांगेची दिशा ठरते. लहरींचेही तसेच आहे. साध्या आरशाचा प्रत्येक बिंदू लहर सारख्याच विलंबाने परतवतो, म्हणून दोन्ही कोन समान येतात. बिंदूगणिक विलंब बदलला, तर सपाट पृष्ठभागही लहर हव्या त्या दिशेला वळवू शकेल.

हे तत्त्व प्रत्यक्षात आले १९६३ साली. बेरी, मालेक आणि केनेडी या अमेरिकी अभियंत्यांनी कमीअधिक लांबीच्या, एका टोकाला बंद असलेल्या धातूच्या नळ्या ओळीने मांडून परावर्तक बनवला. नळी लांब, तर विलंब जास्त. ही रचना अवजड होती. नळ्यांऐवजी तांब्याचे छोटे तुकडे पातळ पत्र्यावर छापता येऊ लागले, तेव्हा ती हलकी झाली. २०१८ साली मंगळावर उतरणाऱ्या 'इनसाइट' यानाचे संदेश पृथ्वीवर पाठवणाऱ्या 'मार्को' या दोन चिमुकल्या यानांवर असेच सपाट परावर्तक होते.

मात्र एकदा छापलेला विलंब बदलता येत नव्हता. ही अडचण दूर करण्याच्या दिशेने २०१४ साली चीनमधील नानजिंग येथे त्सुई तियेजुन व त्यांच्या सहकाऱ्यांनी महत्त्वाचे पाऊल टाकले. त्यांनी प्रत्येक तुकड्याला एक डायोड जोडला. डायोड चालू किंवा बंद केला की परतणाऱ्या लहरीच्या कलेत १८० अंशांचा फरक पडतो. या दोन अवस्था म्हणजे संगणकाचे ० आणि १. आकड्यांचा क्रम बदलला की लहरीची दिशा बदलते. भिंत तीच, पण आज्ञा नवी!

भ्रमणध्वनीच्या पुढील पिढ्यांना हे हवेसे वाटते, कारण मिलिमीटर लांबीच्या लहरी भिंतीआड फारशा पोचत नाहीत. मात्र या कल्पनेला चमत्कार समजू नये, असे आम्हा संशोधकांना वाटते. असा पृष्ठभाग सहसा लहरीचे वर्धन करत नाही. मनोऱ्यापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून फोनपर्यंत अशी लहर दोनदा क्षीण होते, आणि या दोन्ही घटींचा गुणाकार होतो. जमेची बाजू अशी की, सर्व तुकडे एका तालात असतील, तर त्यांची संख्या दुप्पट केल्यावर फोनला मिळणारी शक्ती चौपट होते. म्हणूनच असे शेकडो तुकडे लागतात. आणि फोन जागा बदलत असताना त्या सर्वांना वेळेवर आज्ञा देणे हे खरे कठीण काम आहे.

वर्गात यासाठी कंपासपेटी पुरेशी आहे. एका रेषेवर २ सेंटिमीटर अंतराने पाच बिंदू घ्या. त्यांवर समान त्रिज्येची अर्धवर्तुळे काढली, तर त्यांची सामाईक स्पर्शिका रेषेला समांतर येते. हा झाला समोरून आलेली लहर परतवणारा साधा आरसा. आता त्रिज्या १, १.५, २, २.५ आणि ३ सेंटिमीटर घ्या. स्पर्शिका तिरकी होईल. ती का तिरकी झाली, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.