पितळखोरे लेणी : झीज व जतन

कन्नड तालुक्यात (पाहा : पिशोर) सातमाळा डोंगररांगेत कोरलेला १४ बौद्ध शैलगृहांचा समूह. खोदकामाचा आरंभ इ. स. पू. दुसऱ्या शतकात, चैत्यगृहातील (पाहा : चैत्य) रंगचित्रे बरीच उत्तरकालीन, अजिंठ्याच्या महायान काळाशी जुळणारी. १९५०च्या दशकात म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली ढिगारे उपसले गेले. त्यांत सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर कण्हदास या सोनाराचे नाव कोरलेले असून ती आता नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. या लेण्यांना बेसाल्टच्या भेगांत मुरणारे पावसाचे पाणीच घातक. अनेक दर्शनी भिंती कोसळल्या आहेत. पाण्याच्या निचऱ्यासाठी खोदलेले पाट मूळ रचनेतच आढळतात.