नांव झांकलेले दोन ध्वनिवर्धक

१९४९ सालीं कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागेवर गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें उल्हासनगरची कोनशिला बसविण्यांत आली. सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या लोकांनीं तेथील बराकींत आपले संसार आणि उद्योग उभे केले. त्या उद्योगांत हुबेहूब नकलेचा उद्योग पुढें इतका प्रसिद्धीस आला कीं, मालावरील 'यू. एस. ए.' या अक्षरांचा अर्थ लोक थट्टेनें 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावूं लागले. या थट्टेच्या पोटीं एक गंभीर प्रश्न आहे. वस्तूची परीक्षा तिच्यावरील नांवानें करावी कीं तिच्या गुणानें? संगीताच्या यंत्रांविषयीं तर हा प्रश्न फारच नाजूक होतो. कारण तेथें परीक्षक कान असतो, आणि कान हा डोळ्यांच्या साक्षीवर नको तितका विसंबतो. आज अंबरनाथ किंवा बदलापूर येथील एखाद्या संगीतप्रेमी कुटुंबानें घरासाठीं उंची ध्वनिवर्धक घ्यावयाचें मनांत आणिलें, तर नांवांच्या आणि आंकड्यांच्या गर्दींत तें गोंधळून जाईल. अशा वेळीं एकाच इंग्रजी कारखान्याच्या दोन ध्वनिवर्धकांचा इतिहास पाहणें बोधप्रद ठरेल.

प्रथम थोडी पार्श्वभूमि. १८८० सालीं किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें, तेव्हां नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत त्याच्या स्वतःच्या दमावरच पोंचत असे. आरंभींच्या ध्वनिमुद्रिकांचीहि तीच गोष्ट. गवयानें कर्ण्यांत तोंड घालून गावें, आणि त्याच्या आवाजाच्या जोरानेंच सुईनें मेणांत रेघ कोरावी, असा तो प्रकार होता. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन व व्हॉल्व्ह यांच्या साहाय्यानें मुद्रण होऊं लागलें. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीमखां यांच्या १९०५ च्या सुमाराच्या ध्वनिमुद्रिका आणि १९३७ च्या मृत्यूपूर्वीं कांहीं वर्षें मुद्रित झालेल्या ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकाव्या, म्हणजे या क्रांतीचें महत्त्व ध्यानांत येतें. पहिल्यांत स्वरांची आकृति तेवढी मिळते. दुसऱ्यांत त्यांचा श्वासहि मिळतो. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें, आणि रेडिओच्या रूपानें व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक आपल्या मध्यमवर्गीय घरांत शिरला.

व्हॉल्व्हची युक्ति सोपी आहे. निर्वात कांचेच्या नळींत तापलेल्या तारेपासून विद्युत्कणांचा प्रवाह निघतो, आणि वाटेंतील बारीक जाळीवर दुर्बळ ध्वनिसंकेत सोडला कीं, त्याच्या तालावर हा बलवान् प्रवाह कमीजास्त होतो. ली डी फॉरेस्ट यानें ही जाळी १९०६ सालीं योजिली. पीटर वॉकर या इंग्रज कारागिरानें १९३६ सालीं आपला कारखाना काढला, आणि १९५३ सालीं त्याचा 'क्वाड टू' हा ध्वनिवर्धक बाजारांत आला. त्यांत के-टी-६६ जातीचे दोन व्हॉल्व्ह असत. त्याची शक्ति अवघी १५ वॅट, आणि दोन कर्ण्यांना दोन स्वतंत्र यंत्रें लागत. तरीहि घरगुती संगीतयंत्रांत त्यानें मानाचें स्थान मिळविलें.

दुसरें यंत्र ट्रान्झिस्टरच्या युगांतलें. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत लागला. त्याला तापण्याचा अवधि नको, कांच नको, जड ट्रान्सफॉर्मरावांचूनहि त्यास कर्णा हलवितां येतो. परंतु आरंभींच्या ट्रान्झिस्टर-यंत्रांत एक दोष होता. ध्वनिलहरीचा वरचा भाग एक ट्रान्झिस्टर उचली व खालचा दुसरा. हा हातबदल होतांना लहरीस सूक्ष्म मोड पडे. मोठ्या आवाजांत तो झांकून जाई, मंद आवाजांत मात्र उघडा पडे. वॉकरच्या कारखान्यानें १९७५ सालीं काढलेल्या 'क्वाड ४०५' मध्यें यावर मार्मिक तोड होती. एक लहान पण अत्यंत अचूक ध्वनिवर्धक आणि एक दांडगा, अशी जोडी त्यांत बसविली. दांडग्यानें भार वाहावा आणि त्याची प्रत्येक चूक अचूकानें भरून काढावी! त्याची शक्ति प्रत्येक कर्ण्यास १०० वॅट होती.

या दोषांचें स्वरूप आपल्या तंबोऱ्यावरून उत्तम समजतें. षड्जाच्या तारेंतून दुप्पट कंपनांचा वरचा षड्ज निघतो, तिप्पट कंपनांचा पंचम आणि पांचपट कंपनांचा गंधार; जवारी चांगली लागली म्हणजे तो गंधार स्पष्ट ऐकूं येतो. यंत्रहि मूळ स्वरांत असे पदरचे स्वर मिसळतें. साध्या व्हॉल्व्ह-यंत्राची भर बहुधा दुप्पट कंपनांची, म्हणून ती सुरांत मिळून जाते व गोडहि लागते. हातबदलाच्या मोडीची भर फार वरच्या, बेसूर पटींची असते. व्हॉल्व्हचे भक्त 'ऊब' म्हणतात ती बऱ्याच अंशीं हीच होय.

मग १५ वॅटचा जुना आणि १०० वॅटचा नवा, यांत श्रेष्ठ कोणता? १९७८ सालीं वॉकरनें जेम्स मॉयर या ध्वनिशास्त्रज्ञाकडून याची परीक्षा करविली, आणि तिचा वृत्तांत त्याच वर्षीं 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत आला. हे दोन्ही ध्वनिवर्धक आणि मधल्या काळांतला 'क्वाड ३०३' अशीं तीन यंत्रें जाणत्या श्रोत्यांना, आवाज समान ठेवून, पण कोणतें यंत्र चालू आहे हें न सांगतां, ऐकविण्यांत आलीं. निकाल असा कीं, केवळ अंदाजानें जितकीं उत्तरें बरोबर यावीं, त्याहून निश्चितपणें अधिक आलीं असें म्हणतां येईना!

आक्षेप असा येईल कीं, परीक्षा कारखानदारानेंच करविलेली. तो रास्त आहे. परंतु नवें यंत्र विकणाऱ्यानें नवें आणि जुनें यांत फरक ऐकूं येत नाहीं हें जगजाहीर करावें, यांत त्याचा स्वार्थ फारसा साधत नाहीं. निकालाची मर्यादा मात्र ओळखली पाहिजे. तीनहि यंत्रें उत्तम होतीं, आणि त्यांच्या आवांक्याबाहेर त्यांना ताणलें नव्हतें. कर्णा जड असेल, दिवाणखाना विस्तीर्ण असेल, तर १५ वॅट अपुरे पडतील. उलट शंभर वॅट म्हणजे पावणेसातपट शक्ति खरी, पण कानाला तो आवाज दुप्पटहि भासत नाहीं. भिंतीपलीकडे शेजारी असलेल्या आपल्या घरांत सामान्यतः एखाद्या वॅटावरच सारें गाणें होतें. तेव्हां तो पहिला वॅट निर्दोष असणें हेंच महत्त्वाचें. व्हॉल्व्ह झिजतात, तापतात आणि बदलावे लागतात, हाहि खर्च हिशेबांत धरावा.

म्हणून घेणाऱ्यानें दोन यंत्रें शेजारीं मांडून त्यांचीं नांवें झांकावीं, आवाज काटेकोर समान करावा (कारण किंचित् मोठा आवाज नेहमींच अधिक चांगला भासतो), आणि ओळखीच्या गवयाची ध्वनिमुद्रिका मंद आवाजांत लावून तंबोऱ्याकडे लक्ष द्यावें. फरक ऐकूं आला तर आवडेल तें खुशाल घ्यावें. न आला तर स्वस्त यंत्र घेऊन उरलेला पैसा चांगल्या कर्ण्यांवर आणि चांगल्या ध्वनिमुद्रिकांवर खर्चावा. त्यांतला फरक मात्र घरांतल्या मुलांनाहि ऐकूं येईल.