शंभरातून सात

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मी वर्गात किती वेळा शिकवली त्याची मोजदाद नाही. मुले हसत, मीही हसत असे. तेव्हा साठी लांब होती! म्हातारचळ, भ्रमिष्ट, 'डोक्यावर परिणाम झालाय'... म्हातारपणी विसरत जाणाऱ्या माणसाला आपल्याकडे शब्दांची वाण नाही, पण त्यात मान ठेवणारा शब्द शोधायला गेले तर सापडत नाही. 'स्मृतिभ्रंश' हा त्यातल्या त्यात सभ्य. तोही गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो तो क्रोधाने होणाऱ्या नाशाची एक पायरी म्हणून.

त्यामुळे जपानने या आजाराचे नावच बदलले, हे वाचले तेव्हा माझ्यातली भाषेची शिक्षिका जागी झाली. जुना शब्द होता 'चिहो'. दोन चित्राक्षरांचा. एकाचा अर्थ मूर्ख, दुसऱ्याचा भांबावलेला. हा शब्द सरकारी कागदांवर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सर्रास लिहिला जाई. आपल्या आईच्या नावापुढे असा शिक्का वाचताना मुलांना काय वाटत असेल?

तिकडेही हे दुखणे आधी घराच्या भिंतींआड होते. १९७२ साली सावाको आरियोशी या लेखिकेची एक कादंबरी आली. नोकरी सांभाळून सासऱ्यांचे सगळे करणारी सून तिच्या केंद्रस्थानी आहे. (सूनच! हे वाचताना मला जपान फार परके वाटले नाही.) दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि जो विषय शेजाऱ्यांपासून लपवायचा, तो उघड बोलला जाऊ लागला. १९८० मध्ये अशा घरांतल्या माणसांनी क्योटोत आपली संघटना काढली.

याच काळातले एक डॉक्टर काझुओ हासेगावा. १९७४ साली, वयाच्या पंचेचाळिशीत, त्यांनी एक छोटी तोंडी परीक्षा तयार केली. १९९१ मध्ये ती सुधारली. आज कोणती तारीख? आपण आत्ता कुठे आहोत? चेरीचे फूल, मांजर, आगगाडी हे तीन शब्द लक्षात ठेवा, थोड्या वेळाने पुन्हा विचारीन. शंभरातून सात वजा करा, उरले त्यातून पुन्हा सात. आठवतील तेवढ्या भाज्यांची नावे सांगा. एकूण गुण तीस. वीस किंवा त्याहून कमी पडले तर शंका घ्यायची. यंत्र नको, सुई नको. जपानभर ही परीक्षा वापरात आली.

परीक्षा घेण्यात माझा जन्म गेला, म्हणून सांगते. पेपर काढणाऱ्याला तो सोपाच वाटतो! आयुष्यभर दुकान सांभाळलेल्या माणसाला परक्या तरुणाने 'शंभरातून सात गेले किती?' असे विचारावे, आणि घरच्यांसमोर उत्तर येऊ नये. पुढे हासेगावांनीच बजावून सांगितले की हे प्रश्न दरडावून विचारायचे नाहीत, आधी विनंती करायची.

२००४ मध्ये नाव बदलण्यासाठी सरकारने समिती नेमली, तिच्यात हासेगावा होते. त्याच वर्षी क्योटोत या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे हा आजार झालेली माणसे स्वतः व्यासपीठावर येऊन बोलली. तोवर त्यांच्याबद्दल बोलत ते डॉक्टर आणि नातेवाईक. डिसेंबरात नवा शब्द ठरला, 'निन्चिशो', म्हणजे आकलनाचा विकार. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी हरकत घेतली की शब्दाची घडण सदोष आहे, यातून आकलन हाच आजार असा अर्थ निघतो. हरकत बरोबर होती. (मीही तांबड्या शाईने खूण केली असती.) तरी शब्द रुळला, कारण त्यात शिवी नव्हती. २००५ पासून साध्या नागरिकांना दीड तासाचे शिक्षण देऊन मनगटात नारिंगी कडे द्यायची पद्धत सुरू झाली. त्यात बँकेतले कारकून, दुकानदार, शाळकरी मुलेही आली. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी ते शिक्षण घेतले आहे.

आणि मग २०१७. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या हासेगावांनी जाहीर सांगून टाकले की मला स्वतःलाच निन्चिशो झाला आहे. घराला कुलूप लावले की नाही याची खात्री वाटत नाही, परत परत जाऊन पाहावे लागते. सकाळी डोके बरे असते, संध्याकाळी थकते. पण मी तोच आहे, काल होतो तोच. तरुणपणी एका ज्येष्ठ डॉक्टरांनी त्यांना म्हटले होते की तुला स्वतःला हे होईल तेव्हाच तुझे संशोधन पुरे होईल. त्या बोलण्याची आठवण ते काढत.

त्यांच्यावर माहितीपट निघाला, त्यातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. अशा रुग्णांसाठी दिवसभराचे केंद्र असावे, म्हणजे घरच्यांना थोडी उसंत मिळेल, हा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे धरला होता. आता घरच्यांचा भार हलका व्हावा म्हणून ते स्वतः तशा केंद्रात गेले. सगळे नीट होते. माणसे प्रेमळ, खेळ, व्यायाम, अंघोळ. तरीही ते तिथे एकटे पडले. मला घरी जायचे आहे, म्हणाले. घरी वृद्ध पत्नी होती, मुलगी होती, आणि त्या दोघीही दमलेल्या होत्या.

२०२१ च्या नोव्हेंबरात, ब्याण्णवाव्या वर्षी ते गेले.