सोमल, साका आणि साक्ष : न्यायसहायक रसायनशास्त्राच्या अध्यापनाविषयी एक ऐतिहासिक टिपण

मराठीत पांढऱ्या आर्सेनिकास सोमल, त्याच्या पिवळ्या सल्फाइडास हरताळ आणि तांबड्यास मनशीळ अशी तीन स्वतंत्र नावे आहेत. एकाच मूलद्रव्याची ही रूपे आपल्या भाषेने रंगावरून वेगळी राखली. रंगावरून द्रव्य ओळखण्याचा हाच मार्ग रसायनज्ञांनीही दीर्घकाळ पत्करला होता. तो न्यायकार्यास अपुरा आहे, ही गोष्ट मात्र एका वर्गात विशेष प्रकर्षाने उघड झाली.

मिनोर्का बेटावर १७८७ साली जन्मलेले मातेओ ऑर्फिला हे पॅरिसमध्ये खासगी वर्ग चालवीत. १८१३ साली विद्यार्थ्यांसमोर त्यांनी सोमलाचे लक्षण दाखविण्याकरिता ते कॉफीत मिसळले. पण चुन्याच्या निवळीने अपेक्षित पांढरा साका पडला नाही. शुद्ध पाण्यात खरी ठरणारी कसोटी अन्नपदार्थांच्या संगतीत फसते, हे त्यातून स्पष्ट झाले. या अपयशाचा पाठपुरावा करूनच त्यांनी विषशास्त्रावरील आपला ग्रंथ सिद्ध केला. त्याचे प्रकाशन १८१४ मध्ये सुरू झाले.

पुढे १८३६ साली जेम्स मार्श यांनी नवी पद्धत प्रसिद्ध केली. जस्त व सौम्य गंधकाम्ल यांच्या क्रियेतून निघणाऱ्या हायड्रोजनाबरोबर सोमलाचे आर्साइन वायूत रूपांतर होते; तो वायू पेटवून ज्योतीवर थंड चिनी मातीची बशी धरली असता काळसर चकचकीत डाग उमटतो. ही कसोटी अत्यंत सूक्ष्म होती आणि तिचा धोकाही त्या सूक्ष्मतेतच होता. जस्तातच आर्सेनिकाचा अंश असल्यास निर्दोष नमुन्यावरही डाग उमटे. शिवाय अँटिमनीही तसाच डाग देते.

१८४० मध्ये फ्रान्समधील त्यूल येथे मारी लाफार्ज हिच्यावर पतीला विष दिल्याचा खटला चालला. स्थानिक तज्ज्ञांना मृतदेहाच्या अवयवांत मार्शच्या कसोटीने सोमल आढळले नाही. ऑर्फिलांना ते आढळले. ते अभिकारकांतून अथवा दफनभूमीच्या मातीतून आलेले नाही, असेही त्यांनी न्यायालयास सांगितले. मारीला जन्मठेपेची शिक्षा झाली. त्या निर्णयाविषयीचा वाद पुढेही चालू राहिला. येथे एका व्यक्तीचे उभे आयुष्य बशीवरील डागाच्या अर्थावर अवलंबून होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या इतिहासातून अध्यापनाचे एक तत्त्व निष्पन्न होते. विद्यार्थ्याच्या हाती स्वच्छ द्रावण देऊन ठरलेला रंग काढून घेणे हे पाठांतरच होय. त्याऐवजी काल्पनिक प्रकरण रचून त्यास भेसळयुक्त नमुने द्यावेत, आणि त्यांपैकी काहींत शोधावयाचे द्रव्य मुळीच नसावे. उदाहरणार्थ, मिठाच्या शोधासाठी सिल्व्हर नायट्रेट वापरले असता पांढरा साका पडतो. परंतु नळाच्या पाण्यातील क्लोराइडांमुळेही तो पडू शकतो. नमुना न घालता तीच क्रिया करून पाहणारा विद्यार्थीच या सापळ्यातून सुटतो. नमुना कोणी, केव्हा, कोणाच्या स्वाधीन केला याची नोंद त्याने ठेवावी आणि अखेरीस सहाध्यायांच्या उलटतपासणीस उत्तर द्यावे. विषारी वायूंची गरज यात नाही. आर्साइनच्या श्वसनाने रसायनज्ञ गेलेन यांचा १८१५ साली अंत झाला, हे विसरता कामा नये.

मुंबईत रासायनिक परीक्षकाचे कार्यालय १८७० साली स्थापन झाले. त्या परंपरेतील आजच्या प्रयोगशाळांत उपकरणे बदलली, सूक्ष्मता वाढली. परंतु 'आढळले' या क्रियापदाची जबाबदारी बदललेली नाही. ते केव्हा लिहावे याबरोबरच केव्हा लिहू नये, हे विद्यार्थ्यास स्वतःच्या हातांनी शिकता आले पाहिजे.