आश्रय आणि रस्ता : युरोपातील व्यावसायिक सायकल-संघांचा इतिहास



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने फ्रान्स-इटलीतील सायकल-शर्यतींवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. वाङ्मयाचा इतिहास शिकवताना ‘राजाश्रय’ आणि ‘लोकाश्रय’ हे दोन शब्द मी आयुष्यभर वापरले. एखाद्या कलेचा किंवा संस्थेचा खर्च अखेर कोण उचलतो आणि त्याच्या बदल्यात काय मागतो, हा त्या शब्दांमागचा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर व्यावसायिक सायकल-संघांइतक्या उघडपणे क्वचितच वाचायला मिळते. कारण तेथे आश्रयदात्याचे नावच संघाचे नाव असते आणि ते खेळाडूच्या छातीवर छापलेले असते.

असे का व्हावे? क्रिकेट किंवा फुटबॉल यांना मैदान असते, मैदानाला कुंपण असते आणि कुंपणाला दार असते. दाराशी तिकीट विकता येते. नाटक कंपन्याही याच दारावर जगल्या. सायकल-शर्यत मात्र सार्वजनिक रस्त्यावरून जाते. घाटाच्या वळणावर सहकुटुंब बसलेला माणूस ती फुकट पाहतो. या खेळाला लोकप्रेम उदंड लाभले, परंतु त्या प्रेमाचे रूपांतर संघाच्या उत्पन्नात करण्याचा मार्ग नव्हता. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे मिळू लागले, तेही शर्यतीच्या आयोजकांना. आजही ‘तूर द फ्रांस’चे हक्क आयोजक कंपनीकडे आहेत आणि संघांना त्या उत्पन्नात ठरलेला वाटा नाही. विकण्याजोगी एकच वस्तू संघाकडे उरते, ती म्हणजे नाव.

प्रारंभीचे आश्रयदाते दोन : वृत्तपत्रे आणि सायकलींचे कारखानदार. १९०३ साली ‘लोतो’ या क्रीडा-दैनिकाने आपला खप वाढावा म्हणून ‘तूर’ सुरू केली. संपादक आंरी देग्रांज तिचे सर्वेसर्वा होते. दैनिकाचा कागद पिवळा, म्हणून १९१९ पासून आघाडीवरच्या सायकलपटूची जर्सी पिवळी. इटलीत १९०९ मध्ये गुलाबी कागदावर निघणाऱ्या ‘ला गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ने ‘जिरो’ सुरू केली, म्हणून तेथील मानाची जर्सी गुलाबी. शर्यत वृत्तपत्राची आणि संघ कारखानदाराचा, अशी ही वाटणी होती. पूझो, अल्सियों, बियांकी या कंपन्या खेळाडू पोसत. कारण रविवारी जिंकलेली सायकल सोमवारी दुकानात खपे.

या दोन आश्रयदात्यांचे हितसंबंध जुळणारे नव्हते. वृत्तपत्राला एकट्या वीराची कथा हवी होती. कारखानदाराला आपल्या मालाचा विजय हवा होता, मग तो सहा जणांनी मिळून एकाला जिंकवून आलेला का असेना. १९११ मध्ये मोरिस ब्रोको हा खेळाडू दुसऱ्यासाठी राबतो असे दिसताच देग्रांज यांनी त्याला ‘दोमेस्तिक’, म्हणजे घरगडी, म्हणून हिणवले. शिवी म्हणून आलेला हा शब्द पुढे पदनाम झाला! नायकासमोर राहून वारा अडवणारा, त्याला पाणी आणून देणारा आणि प्रसंगी आपले चाक काढून देणारा खेळाडू आजही याच नावाने ओळखला जातो. १९२९ साली अल्सियोंचा मोरिस द वाल आजारी असूनही सहकाऱ्यांच्या बळावर ‘तूर’ जिंकला, तेव्हा देग्रांज यांचा संयम संपला. १९३० पासून त्यांनी कंपन्यांचे संघ बाद करून राष्ट्रीय संघ आणले आणि सर्वांना एकसारख्या, निनावी पिवळ्या सायकली दिल्या. कारखानदार गेले, तसा त्यांचा पैसाही गेला. तो भरून काढण्यासाठी त्याच वर्षी शर्यतीपुढे जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा निघू लागला आणि मनिये कंपनीची चॉकलेटे लोकांना वाटली जाऊ लागली. एक आश्रय नाकारणाऱ्याला दुसरा शोधावाच लागतो, हे देग्रांज यांच्यासारख्या हट्टी माणसालाही चुकले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर संकट आले ते कारखानदारांवरच. इटलीत स्कूटर आली, मागोमाग छोटी मोटार आली आणि सायकलींचा खप घसरला. संघ पोसणे कारखान्यांना झेपेना. तेव्हा फियोरेन्झो मान्यी या अनुभवी खेळाडूने १९५४ मध्ये निव्हिया या त्वचेच्या क्रीमच्या कंपनीचा आश्रय मिळवला. टक्कल पडलेल्या, राकट चेहऱ्याच्या या माणसाच्या छातीवर क्रीमचे नाव पाहून लोकांना गंमत वाटली असणार. पण या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. ज्याचा सायकलशी काडीचा संबंध नाही, असा पैसा या खेळात उजळ माथ्याने आला. पुढच्याच वर्षी मान्यीने ‘जिरो’ जिंकून दाखवली.

फ्रान्समध्ये अशा पैशाला विरोध होता. तेथे राफाएल जेमिनियानी याने सें-राफाएल या मद्याच्या कंपनीशी संधान बांधले आणि आक्षेप घेणाऱ्यांना सांगितले, की जर्सीवरचे नाव माझेच आहे! ही पळवाट अखेर राजमार्ग ठरली. १९६२ मध्ये ‘तूर’मध्ये कंपन्यांचे संघ परतले आणि त्या वर्षीचा विजेता झाक आंकतिल सें-राफाएलचाच होता. १९६७ आणि १९६८ ही दोन वर्षे राष्ट्रीय संघांचा प्रयोग पुन्हा झाला, तेवढाच. सत्तरच्या दशकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू एडी मर्क्स मोल्तेनी या मांसपदार्थ विकणाऱ्या कंपनीचे नाव मिरवीत होता.

येथून संघाची आजची रचना आकाराला आली. संघ आश्रयदात्याच्या मालकीचा असतोच असे नाही. बहुधा एक व्यवस्थापन कंपनी असते. परवाना, करार आणि माणसे तिची असतात. तीनचार वर्षांच्या कराराने ती जर्सीवरचे नाव भाड्याने देते. स्पेनमधील एका संघाने १९८० साली रेनॉल्ड्स या ॲल्युमिनियमच्या कंपनीच्या नावाने आरंभ केला. १९९० मध्ये तो बानेस्तो बँकेच्या नावाने धावू लागला आणि १९९१ ते १९९५ या काळात मिगेल इंदुराइन याने त्याला सलग पाच वेळा ‘तूर’ जिंकून दिली. पुढे बालेआरिक बेटे, मग एक फ्रेंच बचत बँक आणि २०११ पासून मोविस्तार ही दूरध्वनी कंपनी, अशी नावे बदलत गेली. देह तोच, वस्त्रे मात्र नवी.

आज सर्वोच्च श्रेणीत अठरा संघांना तीन वर्षांच्या मुदतीचे परवाने मिळतात. त्यासाठी आंतरराष्ट्रीय महासंघ खेळातील गुण, हिशेब, नैतिक वर्तन आणि कारभार तपासतो. प्रत्येक संघात तीसच्या आसपास खेळाडू असतात. त्यांपैकी ‘तूर’मध्ये २०१८ पासून आठच उतरतात. त्यांच्यामागे मोटारीतून डावपेच सांगणारे संचालक, मेकॅनिक, मालीश करणारे, डॉक्टर, स्वयंपाकी आणि बसचालक असा मोठा परिवार असतो. सर्वांत श्रीमंत संघांचा वार्षिक खर्च पाच कोटी युरोंच्या घरात किंवा त्याहून अधिक सांगितला जातो. ‘तूर’च्या विजेत्याचे बक्षीस मात्र पाच लाख युरो, आणि तेही प्रथेप्रमाणे सहकाऱ्यांत वाटले जाते. बक्षिसांवर हा संसार चालणे शक्य नाही, हे या दोन आकड्यांवरूनच कळते.

मग विजयाने आश्रय टिकतो काय? इतिहासाचे उत्तर कठोर आहे. जर्मनीच्या टेलिकॉम कंपनीने उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणांमुळे २००७ च्या अखेरीस अंग काढून घेतल्यावर तोच संघ हायरोड नावाने पुन्हा उभा राहिला आणि शर्यतींमागून शर्यती जिंकत गेला. २०११ मध्ये त्याच्या मार्क कॅव्हेंडिशने ‘तूर’ची हिरवी जर्सी आणि विश्वविजेतेपद दोन्ही मिळवले, त्याच वर्षाच्या अखेरीस नवा आश्रयदाता न मिळाल्याने संघ बंद पडला. २०१२ मध्ये आर्मस्ट्राँग प्रकरण उघड होताच राबोबँकेने सतरा वर्षांचा संबंध तोडला. तिच्या संघाने पुढल्या वर्षीचा आरंभ ‘ब्लँको’ म्हणजे ‘कोरा’ या नावाने केला. या कोऱ्या जर्सीइतके बोलके चित्र या इतिहासात दुसरे नाही. हाच संघ पुढे २०२३ मध्ये तिन्ही महाशर्यती एकाच वर्षी जिंकणारा पहिला संघ ठरला, आणि त्याच वर्षाअखेर जम्बो या किराणा-साखळीने आपले नाव काढून घेतले.

गेल्या काही वर्षांत राजाश्रय परतला आहे. लाम्प्रे या इटालियन पोलाद-कंपनीच्या नावाने धावणारा संघ २०१७ मध्ये संयुक्त अरब अमिरातीचा झाला. त्याच्या तादेई पोगाचारने २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ मध्ये ‘तूर’ जिंकली. राजाश्रय उदार असतो, परंतु त्याची मुदत कोणी लिहून देत नाही. इंदूरकरांना हे सांगायला नको. आपल्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. संस्थान विलीन झाल्यावर काही वर्षांतच, १९५४-५५ च्या हंगामानंतर, ते नाव धावफलकावरून पुसले गेले.

मला या साऱ्यात आशेची एकच गोष्ट दिसते, आणि ती अगदी रुक्ष आहे. संघ नोंदवताना महासंघ बँकेची हमी मागतो; आश्रयदाता पळाला तरी घरगड्याच्या पगाराचा काही भाग तीतून देता यावा, म्हणून. खेळाडूंचे किमान वेतनही आता ठरलेले आहे. पण या संघांपाशी मैदान नाही, इमारत नाही आणि ज्याला आपण ‘कायम निधी’ म्हणतो तोही नाही. आलेला पैसा बहुतांशी त्याच वर्षीच्या पगारात आणि प्रवासात जातो.

मराठी मुलखाबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्यांना या शब्दाचे मोल कळते. मोठा दाता शाळेला इमारत देतो आणि त्याचे नाव कृतज्ञतेने दारावर कोरले जाते, ते योग्यच आहे. मात्र दाता नसेल त्या वर्षीही पहिल्या तारखेला शिक्षकांचा पगार झाला पाहिजे. तो माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी घातलेल्या लहान लहान रकमांनी वाढलेल्या निधीतून होतो. सायकल-संघांना जो लोकाश्रय रस्त्याच्या कडेला लाखोंनी उभा असूनही गोळा करता आला नाही, तो गोळा करण्याची सोय आपल्यापाशी आहे. तिचा उपयोग आपण करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.