कोरड्या सावलींतील तृणें

उद्यानकलेच्या इतिहासांत गुलाबाला जेवढीं पानें मिळालीं, त्यांचा दहावा हिस्साही गवताच्या वांट्यास आलेला नाहीं. कापून सपाट करावयाची हिरवळ, नाहीं तर उपटून फेंकावयाचें तण, एवढीच त्याची ओळख. एकोणिसाव्या शतकांत दक्षिण अमेरिकेंतील पंपास गवत युरोपच्या बागांत शिरलें खरें. पण तें उन्हांत, हिरवळीच्या मध्यभागीं, एखाद्या सरदारासारखें मिरविण्याकरितां. मोठ्या वृक्षाखालच्या कोरड्या, अंधाऱ्या जागेंत काय लावावें, हा प्रश्न तसाच राहिला.

वृक्षाखालीं हिरवळ टिकत नाहीं, याचा दोष बहुधा सावलीच्या माथीं मारला जातो. सावली सहन करणारीं गवतें आहेत. तहान सहन करणारींही आहेत. अडचण येते ती दोन्ही संकटें एकत्र आलीं म्हणजे. पावसाचा बराच भाग पर्णभारच अडवून धरतो, आणि जे थेंब खालीं उतरतात ते वृक्षाचीं वरवर पसरलेलीं मुळें आधीं पिऊन टाकतात. माळी बिचारा दरवर्षीं बीं पेरतो आणि दरवर्षीं उघडी माती पाहतो.

या उपेक्षिताची बाजू घेणारा पहिला मोठा वकील म्हणजे कार्ल फोर्स्टर. १८७४ सालीं बर्लिनमध्यें जन्मलेल्या या गृहस्थांनीं पॉट्सडॅमजवळ बोर्निम येथें रोपवाटिका थाटली. तेथील जमीन रेताड. गवतें आणि नेचे यांना बागेंत मानाचें स्थान मिळावें म्हणून ते आयुष्यभर झटले, व १९५७ सालीं, ऐंशी उलटल्यावर, याच विषयावर त्यांनीं स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. गंमत अशी कीं, त्यांचें नांव धारण करणारें जें ताठ, उंच गवत आज देशोदेशीं लावलें जातें, तें उन्हाचें भोक्तें आहे. आपल्या प्रश्नाला तें निरुपयोगी!

१९४७ सालीं बव्हेरियांत वायहेनस्टेफान येथें रिचर्ड हान्सेन यांनीं चांचणी-उद्यान स्थापिलें. वनस्पती मूळची कोठें राहते, वृक्षतळीं, वनाच्या कडेला, मोकळ्या माळावर कीं पाण्याच्या कांठीं, यावरून तिची बागेंतील जागा ठरवावी, ही दृष्टि त्यांनीं रूढ केली. माझ्या मतें खरी क्रांति हीच होय.

इंग्लंडांत हाच मार्ग बेथ चॅटो या बाईंनीं अनुसरला. त्यांचे पति अँड्र्यू वनस्पतींच्या मूळ निवासांचा अभ्यास करीत, आणि त्या अभ्यासाच्या आधारें १९६० पासून एसेक्स परगण्यांत बाईंनीं बाग उभी केली. तो प्रदेश इंग्लंडांतील अतिशय कोरड्या प्रदेशांपैकीं एक. वर्षाचा पाऊस सुमारें वीस इंच! लंडनच्या एका प्रदर्शनांत त्यांनीं मांडलेलीं साधीं रोपें पाहून एका परीक्षकानें ‘हें तर तण’ म्हणून नाक मुरडलें, असें सांगतात. पुढें १९७७ पासून चेल्सीच्या प्रदर्शनांत त्यांना लागोपाठ दहा सुवर्णपदकें मिळालीं. १९८७ च्या ऑक्टोबरांतील प्रचंड वादळानंतर त्यांनीं ओकवृक्षांखालच्या जागेकडे विशेष लक्ष दिलें, आणि २००२ सालीं छायेंतील बागेवर पुस्तक लिहिलें.

अशा जागेला कोणतीं तृणें मानवतात? युरोपच्या वनांतील लुझुला सर्वांत चिवट. पानांच्या कडेला पांढरी लव, आणि हिवाळ्यांतही हिरवी. खरें पाहतां ती गवताच्या कुळांतली नव्हेच. केरेक्सही नव्हे, ती आपल्या नागरमोथ्याची दूरची बहीण. मेलिका मात्र अस्सल गवत, आणि नाजूक दिसत असूनही वृक्षमुळांशीं टक्कर घेणारें. जपानच्या हाकोने डोंगरांतील झुकत्या पानांच्या गवताचें रूप सर्वांहून मोहक. परंतु त्याला ओलावा हवा, म्हणून सौंदर्याला भुलून तें ओक किंवा बीचखालीं लावणाऱ्याचे पैसे फुकट जातात.

रोपें लहानच घ्यावीं, म्हणजे मुळ्यांच्या फटींत बसतात. लागवड शरद् ऋतूंत करावी, खड्ड्यांत पानांचें कुजलेलें खत भरावें, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवूं नये. वृक्षाचीं मोठीं मुळें तोडून जागा करूं पाहणारे लोक आहेत. त्यांनीं त्यापेक्षां ती जागा तशीच पाचोळ्याखालीं राहूं द्यावी.